लोच माशांची काचपेटी : मापाचा आणि मर्यादेचा विचार

पेढीच्या गल्ल्याशेजारी किंवा घराच्या दिवाणखान्यात माशांची काचपेटी ठेवण्याची रीत व्यापारी कुटुंबांत आता सर्रास दिसते. कोणी वास्तुशास्त्राचे नाव घेतो, कोणी फेंगशुईचे. पुष्कळदा मात्र नातवाच्या हट्टापुढे आजोबांनी मान तुकवलेली असते. पेटी दोन फुटांची असते. महिन्याभरात तिच्या काचेवर शेवाळ धरते, तळाशी बारीक गोगलगायी फिरू लागतात आणि मग मासेविक्रेता उपाय सुचवतो, "शेठजी, दोन क्लाउन लोच न्या. तळ साफ ठेवतात, गोगलगायी शिल्लक ठेवत नाहीत." नारिंगी अंगावर तीन रुंद काळे पट्टे, ओठांशी इवल्या मिशा आणि बोटाएवढी लांबी असलेला हा मासा पाहताच मूल हरखते. "आजोबा, हे एवढेसे तर आहेत!" असे म्हणत ते प्लास्टिकची पिशवी छातीशी धरते आणि सौदा पुरा होतो.

ज्या घरात पाणी गाळून पिण्याचा संस्कार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला, त्या घराने हा सौदा करण्यापूर्वी दोन गोष्टी तपासून पाहायला हव्या होत्या.

पहिली गोष्ट गोगलगायींची. क्लाउन लोच गोगलगायी खातो, हे विक्रेत्याचे म्हणणे खरे आहे. घशातील दातांनी तो त्यांची लहान कवचे फोडतो. पण द्वींद्रिय जीवांचा नायनाट व्हावा या हेतूनेच एक पंचेंद्रिय जीव विकत आणणे, याला संकल्पी हिंसेखेरीज दुसरे नाव देता येणार नाही. मारणारे तोंड माशाचे असले, तरी संकल्प पैसे देणाऱ्याचा असतो. व्यवहाराच्या दृष्टीनेही हा उपाय उलटाच आहे. पेटीत गोगलगायी वाढतात त्या उरलेल्या खाद्यावर. मासे दोन-तीन मिनिटांत संपवतील एवढेच खाद्य घातले, उरलेले लगेच काढून टाकले, की त्यांची वाढ आपोआप मंदावते. ज्या घरात खाद्य चिमटीऐवजी मुठीने पडते, तेथे कोणताही मासा आणून उपयोग नाही.

दुसरी गोष्ट मापाची, आणि तीच अधिक गंभीर आहे.

क्लाउन लोच हा मूळचा इंडोनेशियातील सुमात्रा आणि बोर्निओ या बेटांवरील नद्यांचा रहिवासी. १८५२ साली ब्लीकर या डच वैद्याने त्याचे शास्त्रीय वर्णन केले. दुकानात तो चार-पाच सेंटीमीटरचा मिळतो. पूर्ण वाढलेला मासा तीस सेंटीमीटरपर्यंत, म्हणजे शाळेतील फूटपट्टीएवढा होऊ शकतो. घरच्या पेटीत नीट सांभाळलेला लोच वीस-पंचवीस सेंटीमीटर सहज गाठतो आणि वीस वर्षे किंवा त्याहूनही अधिक जगतो. पाच वर्षांच्या नातवासाठी आणलेला मासा त्या नातवाच्या लग्नापर्यंत घरात असू शकतो, हे विकत घेताना कोणी सांगत नाही. पहिल्या वर्षी वाढ जलद होते, पुढे ती इतकी मंद होते की रोज पाहणाऱ्याच्या लक्षातच येत नाही. अडचण ध्यानी येते तेव्हा मासा पेटीत वळताना काचेला नाक घासू लागलेला असतो.

येथे एक हिशेब व्यापाऱ्याला चटकन पटेल. पाच सेंटीमीटरचा मासा पंचवीस सेंटीमीटरचा झाला, तर तो पाचपट लांब झाला असे वाटते. परंतु लांबीबरोबर रुंदी आणि जाडीही पाचपट होते, म्हणून वजन वाढते ते पाच गुणिले पाच गुणिले पाच, म्हणजे सव्वाशे पटींच्या आसपास. खाणे, श्वासाला लागणारा प्राणवायू आणि पाण्यात मिसळणारी घाण या सर्वांचा संबंध या वजनाशी असतो. त्यामुळे "एवढ्या लिटरला एवढे इंच मासे" हा सर्वत्र सांगितला जाणारा ठोकताळा लहान माशांपुरता कसाबसा चालतो, लोचसारख्या वाढणाऱ्या माशाला तो लावणे म्हणजे चक्रवाढ व्याज सरळ व्याजाने मांडण्यासारखे आहे.

"मासा पेटीच्या मापानेच वाढतो, काळजी नको," असेही दुकानातून सांगितले जाते. हे वाक्य अर्धसत्य आहे, आणि म्हणूनच घातक आहे. लहान पेटीत वाढ खुंटते खरी. पण ती खुंटते साचलेल्या घाणीने आणि सततच्या ताणाने. असा मासा अशक्त राहतो, वारंवार आजारी पडतो आणि आयुष्य पुरे न करता मरतो. वाढ खुंटणे म्हणजे त्याने पेटीशी जुळवून घेतले असे नव्हे.

अहिंसाणुव्रताचे जे पाच अतिचार श्रावकाला टाळण्यास सांगितले आहेत, त्यांत बंध, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध हे तीन आहेत. एके काळी हे शब्द गोठ्यातील जनावरांच्या संदर्भात समजावून सांगितले जात: बैलाला आखूड दाव्याने जखडू नये, गाडीत ताकदीबाहेर माल भरू नये, वेळेवर चारापाणी चुकवू नये. बैलगाडी गेली, गोठेही बहुतेक घरांतून गेले. पण दोन फुटांच्या पेटीत फूटभर वाढणारा मासा ठेवणे हे आखूड दावेच आहे. चार माशांच्या पाण्यात बारा मासे भरणे हा अतिभार आहे, मग तो माशांच्या पाठीवर न दिसता पाण्यात दिसतो एवढेच. जे श्रावक कोणताही जीव बांधून ठेवायचा नाही म्हणून पेटीच आणत नाहीत, त्यांचा मार्ग सर्वांत सरळ होय. परंतु पेटी घरात आलीच असेल, किंवा आणायचे ठरलेच असेल, तर निदान हे तीन अतिचार घडणार नाहीत एवढे माप आधी काढले पाहिजे.

माप काढणे अवघड नाही. पेटीची लांबी, रुंदी आणि उंची फुटांत मोजून तिन्ही आकडे गुणावेत आणि येणाऱ्या उत्तराला २८.३ ने गुणावे. उत्तर लिटरमध्ये मिळते. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच पेटीत सुमारे ५६ लिटर पाणी मावते. वाळू, दगड आणि वरची रिकामी जागा वजा केली, की प्रत्यक्षात ४५ लिटरच उरते. लोच हे तळाशी वावरणारे मासे असल्याने त्यांच्यासाठी उंचीपेक्षा लांबी-रुंदीला अधिक महत्त्व आहे. उंच, अरुंद, शोभेची पेटी लिटरमध्ये मोठी भरली तरी त्यांच्या दृष्टीने ती एखाद्या जिन्यासारखीच.

आणखी एक बाब. लोच एकटा किंवा जोडीने ठेवायचा मासा नाही. निसर्गात तो समूहाने राहतो, एकमेकांना अंग लावून एकाच बिळात विसावतो. एकटा पडला की कोपऱ्यात लपून राहतो किंवा दुसऱ्या माशांना त्रास देतो. पाच-सहांपेक्षा कमी लोच आणू नयेत. म्हणजे क्लाउन लोचचा हिशेब मांडताना एका माशाचा नव्हे, पंचवीस सेंटीमीटरच्या पाच-सहा माशांचा मांडायचा. त्यांना सहा फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच पेटी हवी. तिच्यात २४ घनफूट, म्हणजे सुमारे ६८० लिटर पाणी मावते. पाण्याचे वजनच ६८० किलो. जाड काच, वाळू आणि लोखंडी स्टँड धरून ते पाऊण टनाच्या बरेच वर जाते. निवासी खोल्यांची लादी साधारणपणे दर चौरस मीटरला २०० किलो भार धरून आखलेली असते आणि ही पेटी जेमतेम सव्वा चौरस मीटर जागेत उभी राहते. भिंतीलगत, तुळईच्या जवळ आणि अभियंत्याला विचारूनच ती ठेवावी लागते. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या बहुसंख्य कुटुंबांचे उत्तर येथेच मिळते: क्लाउन लोच घरी आणू नये. दुकानदार कितीही म्हणो, "आत्ता लहान पेटीत ठेवा, मोठे झाल्यावर बघू." जे "बघू"वर सोडले जाते ते पुढे क्वचितच पाहिले जाते, हे उधारीच्या वह्या चाळणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

मग लहान पेटीत कोणता लोच राहू शकेल? आग्नेय आशियातील कुहली लोच त्यातल्या त्यात योग्य. करंगळीहून बारीक, पिवळसर अंगावर तपकिरी पट्टे असलेला, गांडुळासारखा लवचिक असा हा मासा आठ ते दहा सेंटीमीटरपलीकडे जात नाही. दोन फुटांच्या पेटीत सहा कुहली आणि वरच्या थरात हार्लेक्विन रासबोरासारखे सहा-आठ चिमुकले मासे, एवढेच पुरे. त्यात गोल्डफिश मिसळू नयेत, कारण ते थंड पाण्यात रमणारे, पुष्कळ घाण करणारे आणि स्वतःच मोठ्या पेटीचे धनी आहेत. कुहलीला तळाशी मऊ, बारीक वाळू हवी. धारदार खडीने त्याच्या मिशा आणि पोट सोलवटते. नारळाची करवंटी किंवा पाइपाचा तुकडा ठेवला तर सगळे एकाच तुकड्यात दाटीने झोपतात आणि दुसरा रिकामा राहतो. फिल्टरच्या तोंडावर स्पंज बसवणे विसरू नये, हा मासा आत ओढला जातो.

तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि तितक्याच उंच पेटीत सुमारे १९० लिटर पाणी मावते. तिच्यात आठ-दहा कुहली सुखाने राहतील, किंवा थायलंडचा चिमुकला साखळीपट्ट्याचा लोच, जो पाच-सहा सेंटीमीटरचाच असतो आणि दिवसाउजेडी खेळतो. निसर्गात तो आता दुर्मीळ झाला आहे. घ्यायचाच तर पैदास केंद्रात वाढवलेलाच घ्यावा. चार फुटांच्या, सुमारे २५० लिटरच्या पेटीत उत्तर भारतातील यो-यो लोच पाच-सहा ठेवता येतात. त्यांच्या अंगावरचे पट्टे इंग्रजी वाय आणि ओ या अक्षरांसारखे दिसतात म्हणून हे नाव. ते बारा ते पंधरा सेंटीमीटर होतात, स्वभावाने खोडकर असतात, लांब पंखांच्या संथ माशांचे पंख कुरतडतात. त्यांच्याबरोबर रोझी बार्बसारखे चपळ मासेच ठेवावेत. चीन-जपानकडील डोजो लोचही कधी दुकानात दिसतो. त्याला थंड पाणी मानवते. सोलापूर-जळगावच्या उन्हाळ्यात त्याला कोंडणे हा छळच.

लोचच्या शोधात पुष्कळांच्या नजरेस आणखी एक देखणा मासा पडतो, अंगभर बारीक उभ्या पट्ट्यांचा झेब्रा लोच. तो परदेशचा नाही. पश्चिम घाटातून उतरणाऱ्या, कृष्णेच्या खोऱ्यातील महाराष्ट्र-कर्नाटकाच्या नद्यांखेरीज तो जगात इतरत्र नैसर्गिकरीत्या आढळत नाही. १९२० साली त्याचे शास्त्रीय वर्णन झाले आणि शंभर वर्षांच्या आत तो आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या लाल यादीत संकटग्रस्त म्हणून नोंदला गेला. नद्यांची हानी हे एक कारण. शोभेच्या माशांच्या बाजारासाठी होणारी पकड हे दुसरे. आकाराने तो लहान पेटीत मावेल, तरीही तो मागू नये. कोल्हापूर-सांगलीच्या श्रावकांनी तर मुळीच नाही. ज्या नद्यांकाठी आपली गावे वसली, त्यांतलाच हा जीव आहे.

आता खाद्याचा प्रश्न, आणि या प्रश्नावर अनेक कुटुंबे अडखळतात, निदान अडखळली पाहिजेत. लोच हे मिश्राहारी असले तरी त्यांना प्राणिज प्रथिनांची गरज असते. बाजारातील तळाशी बसणाऱ्या बहुतेक गोळ्यांत माशांची भुकटी असते. हिरव्या रंगाच्या, स्पिरुलिनाचे नाव छापलेल्या गोळ्यांतही ती अनेकदा असते. वेष्टनावरील घटकांची यादी भिंग लावून वाचावी. वाफवलेली काकडी, सोललेले मटार, पालक हे लोच आवडीने खातात. पण तेवढ्यावरच त्यांना वर्षानुवर्षे ठेवले, तर ते कुपोषित होतात. घराचा शाकाहार माशावर लादणे ही अहिंसा नसून अन्नपाननिरोधच होय. जिवंत किंवा गोठवलेले किडे आणणे श्रावकाला शक्य नाही. माशांच्या भुकटीचा डबा स्वयंपाकघराच्या फडताळात ठेवणेही अनेकांना सहन होणार नाही. ज्या घराचे या बाबतीत मन तयार नाही, त्याने लोच आणू नये, एवढेच प्रामाणिक उत्तर आहे. हा विचार पेटी आणण्यापूर्वी आजी-आजोबांसह सर्वांनी एकत्र बसून करावा. मासे आल्यावर तो करून उपयोग नाही.

आहाराच्या वेळेचीही एक गंमत आहे. सूर्यास्तापूर्वी ताट आवरणाऱ्या घरात कुहली लोचच्या रूपाने नेमका रात्रिभोजन करणारा पाहुणा येतो! कुहली तिन्हीसांजेनंतरच बिळाबाहेर पडतो. दुपारी घातलेले खाद्य वरचे मासे फस्त करतात आणि तो उपाशी राहतो. म्हणून घरातील दिवे मंद झाल्यावर त्याच्या वाट्याची गोळी तळाशी सोडावी.

पाण्याविषयी थोडक्यात. नवी पेटी भरल्या दिवशी मासे सोडू नयेत. माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून निघणारा अमोनिया विषारी असतो. त्याचे रूपांतर करणारे सूक्ष्म जीवाणू फिल्टरमध्ये रुजायला चार ते सहा आठवडे लागतात. दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलावे, नळाच्या पाण्यातील क्लोरीन आधी घालवावे. लोचचे खवले अतिशय बारीक असल्याने औषधे त्यांना लवकर बाधतात, म्हणून पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर दुकानातील औषध पुऱ्या मात्रेने ओतू नये. पेटीवर घट्ट झाकण हवेच. हे मासे उडी मारतात. आणि क्लाउन लोच कधी कुशीवर आडवा पडलेला दिसला, तर घाबरून जाऊ नये. तो तसाच विश्रांती घेतो. अनेक घरांत जिवंत मासा मेला म्हणून बाहेर काढला गेला आहे.

पेढीवरील पेटीबाबत मात्र एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. रात्री दुकान वाढवताना मेन स्विच बंद करण्याची सवय सर्वत्र असते. त्याबरोबर फिल्टर बंद पडतो, पाण्यातील प्राणवायू घटू लागतो, आणि सकाळपर्यंत फिल्टरमधील उपयुक्त जीवाणूही मरू लागतात. रविवारची सुटी जोडून आली तर सोमवारी शटर उघडताच मेलेले मासे दिसतात आणि दोष पाण्याला दिला जातो. पेटीसाठी वेगळी जोडणी आणि वीज गेल्यावर चालणारा बॅटरीवरचा हवेचा पंप नसेल, तर पेढीवर पेटी ठेवू नये. शिखरजीच्या यात्रेला आठवडाभर जाणाऱ्या कुटुंबांना खाद्याची चिंता वाटते. निरोगी, प्रौढ मासे तेवढे दिवस विनाखाद्य राहू शकतात. शेजाऱ्याने प्रेमाने ओतलेल्या अर्ध्या डब्यापेक्षा ते उपोषण बरे.

उरला प्रश्न त्या घरांचा, जेथे क्लाउन लोच आधीच आले आहेत आणि पेटी अपुरी पडू लागली आहे. जीव सोडवण्याच्या भावनेने अशा वेळी माशांना नदीत, तलावात किंवा विहिरीत सोडावेसे वाटते. हे अभयदान ठरत नाही. परदेशी मासा तेथे बहुधा मरतो. तगलाच तर स्थानिक जीवांचे अन्न आणि जागा बळकावतो. हौशी लोकांनी सोडून दिलेल्या दक्षिण अमेरिकी सकर माशाने भारतातील कितीतरी जलाशयांत ठाण मांडले आहे. मोठी पेटी घेणे परवडत असेल तर ती घ्यावी. नसेल तर सहा फुटांची पेटी राखणारा हौशी गृहस्थ, एखादे महाविद्यालय किंवा मोठे मत्स्यालय शोधून त्यांच्याकडे मासे विनामूल्य सोपवावेत. चार ठिकाणी नकार येईल, पाचवे ठिकाण शोधावे. सोपवताना सगळे एकत्र द्यावेत, आणि पेटीतून काढताना जाळी वापरू नये. क्लाउन लोचच्या डोळ्याखाली दडलेला दुहेरी काटा घाबरल्यावर बाहेर येतो आणि जाळीत अडकतो. सोडवताना मासाही जखमी होतो, हातही. रुंद तोंडाचा प्लास्टिकचा डबा पाण्यात बुडवून त्यात माशाला हलकेच हाकावे आणि पाण्यासकट उचलावे.